कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांतील कचरावेचक व फिरत्या भंगार खरेदीदारांची नोंदणीकृत कामगार संघटना आहे. तिची स्थापना १९९३ मध्ये पुण्यात झाली. संघटनेच्या सभासदांत स्त्रियांचे, आणि त्यातही दलित समाजातील स्त्रियांचे, प्रमाण फार मोठे आहे. कचरा वेचणे हे उत्पादक काम आहे, ते करणारी व्यक्ती कामगार आहे आणि म्हणून तिला ओळख, सामाजिक सुरक्षा व कचऱ्यातून मिळणाऱ्या मालावर हक्क मिळाला पाहिजे, ही संघटनेची मूळ भूमिका आहे. पुणे महानगरपालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांना दिलेली मान्यता, त्यांच्यासाठी सुरू झालेला वैद्यकीय विमा आणि 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था ही संघटनेच्या कार्याची प्रमुख फलिते मानली जातात. असंघटित क्षेत्रातील कामगारांनी आर्थिक न्यायासाठी उभारलेल्या संघटनांच्या अभ्यासात या पंचायतीचे उदाहरण भारतात आणि भारताबाहेरही दिले जाते.

नाव

संघटनेच्या नावातील पहिले तीन शब्द कचऱ्यातून वेचल्या जाणाऱ्या मालाचे आहेत. कागदात रद्दी, पांढरा कागद व पुठ्ठा, काचेत बाटल्या व फुटकी काच आणि पत्र्यात डबे व इतर धातूचे भंगार येते. प्लास्टिकचा नावात उल्लेख नसला तरी पुढील काळात वेचल्या जाणाऱ्या मालात त्याचा वाटा मोठा झाला. 'कष्टकरी' हा शब्द श्रमाकडे लक्ष वेधतो. 'पंचायत' हा शब्द पुण्यातील हमाल पंचायतीच्या परंपरेतून आला आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांच्या ज्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांपैकी रिक्षा पंचायत व पथारी व्यावसायिक पंचायत यांच्या नावांतही हाच शब्द आहे. नावात 'कचरा' हा शब्द नाही, ही बाब संघटनेच्या भूमिकेशी सुसंगत आहे. सभासद ज्या वस्तू गोळा करतात त्या कचरा नसून बाजारात किंमत असलेला कच्चा माल आहेत, असे ती मांडते.

पार्श्वभूमी

व्यवसायाची रचना

शहरातील पुनर्चक्रण हा अनेक पायऱ्यांचा व्यवहार आहे. सर्वांत खालच्या पायरीवर कचरावेचक असतात. ते रस्त्यावरील कचराकुंड्या, उकिरडे आणि कचरा डेपो येथून विकता येण्याजोगा माल वेचतात. त्यांच्याबरोबरच फिरते भंगार खरेदीदार घरोघरी व दुकानोदुकानी जाऊन रद्दी, बाटल्या व भंगार पैसे देऊन विकत घेतात. खरेदीदाराकडे भांडवल व बहुधा हातगाडी असते. कचरावेचकाकडे गोणीखेरीज काही नसते. दोघेही आपला माल किरकोळ भंगार दुकानदाराला विकतात. तेथून तो ठोक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कागद गिरणी, काच कारखाना किंवा प्लास्टिक दाणे तयार करणाऱ्या उद्योगाकडे जातो.

प्रत्येक पायरीवर मालाची वर्गवारी होते आणि किंमत वाढते. एकत्र बांधलेल्या मालापेक्षा प्रकारानुसार वेगळ्या केलेल्या मालाला चांगला भाव मिळतो, आणि ओल्या कचऱ्यात मिसळून खराब झालेल्या कागदाला भाव जवळजवळ मिळत नाही. तरीही मालाचा भाव ठरवण्याचे बळ कचरावेचकाच्या हाती नसते. रोजचा माल रोज विकल्याशिवाय घर चालत नाही आणि साठवणुकीसाठी जागा नसते. भंगार दुकानदाराकडून घेतलेल्या उचलीमुळे माल त्यालाच द्यावा लागतो. वजनकाट्यावरील फसवणूक हीदेखील जुनी तक्रार आहे. मालाचे दर अखेरीस उद्योगांच्या मागणीवर अवलंबून असल्याने दूरच्या बाजारातील घसरणही या पायरीपर्यंत पोहोचते. २००८ च्या उत्तरार्धातील जागतिक आर्थिक संकटात कागद, प्लास्टिक आणि धातूच्या भंगाराचे दर मोठ्या प्रमाणावर कोसळले होते.

सामाजिक स्थिती

पुण्यातील कचरावेचकांत मातंग व पूर्वाश्रमीच्या महार समाजातील कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. त्यांतील अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर मराठवाडा आणि महाराष्ट्राच्या इतर दुष्काळी भागांतून शहरात आली. शेती नाही, शिक्षण नाही आणि घरकामासाठीही जात आड येते, अशा स्थितीत भांडवलाशिवाय करता येणारे काम म्हणून स्त्रिया कचरा वेचण्याकडे वळल्या. विधवा, परित्यक्ता आणि कुटुंबाचा एकटीने भार वाहणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण या कामात मोठे राहिले आहे.

या कामाला दुहेरी कलंक होता. घाणीशी संबंध असल्याने ते जातीच्या उतरंडीत हीन मानले गेले. दुसरीकडे, गोणी घेऊन पहाटे फिरणाऱ्या स्त्रीकडे नागरिक आणि पोलीस संशयाने पाहत. परिसरात चोरी झाली की प्रथम कचरावेचकांना हटकले जाई. कामाच्या ठिकाणी काच व पत्रा लागून होणाऱ्या जखमा, कुत्र्यांचे चावे, श्वसनाचे व त्वचेचे विकार आणि ओझ्यामुळे जडणारी पाठदुखी हे नित्याचे होते. नोंदलेला मालक नसल्यामुळे कामगार कायद्यांचे कोणतेही संरक्षण त्यांना लागू होत नव्हते. नगरपालिकेच्या दृष्टीने त्या कर्मचारी नव्हत्या, आणि कल्याणकारी योजनांच्या दृष्टीने त्यांचे काम हे कामच नव्हते.

स्थापना

संघटनेची सुरुवात साक्षरतेच्या कामातून झाली. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या उपक्रमात होत्या. मुलांसोबत व त्यांच्या आयांसोबत कचराकुंड्यांपर्यंत गेल्यावर कामाची परिस्थिती जवळून दिसली. घरातच ओला व सुका कचरा वेगळा झाला, तर वेचणाऱ्या स्त्रियांना कुंडीत हात घालावा लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल आणि उत्पन्न वाढेल, हे त्यातून पुढे आले. त्यानुसार काही स्त्रियांनी विद्यापीठाच्या ओळखपत्रांच्या आधारे शहरातील एका वस्तीत घरोघरी जाऊन वेगळा केलेला सुका कचरा घेण्यास सुरुवात केली.

हा प्रयोग स्थिरावत असतानाच एका खासगी उद्योजकाने त्याच परिसरात वाहनाद्वारे कचरा गोळा करण्याची सेवा देऊ केली. कचऱ्याची मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच उघडपणे उभा राहिला. स्त्रियांनी एकत्र येऊन विरोध केला आणि ती सेवा मागे घेतली गेली. काही मोजक्या स्त्रियांना मिळालेले काम टिकवायचे असेल तर शहरभरातील कचरावेचकांची संघटना हवी, हा धडा या संघर्षातून मिळाला. साक्षरता वर्गाऐवजी संघटना हे कामाचे मुख्य माध्यम झाले.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. तिला शहराच्या वेगवेगळ्या भागांतून ८०० हून अधिक कचरावेचक उपस्थित होते. हमाल पंचायतीचे नेते डॉ. बाबा आढाव यांचा परिषदेच्या आयोजनात व पुढील वाटचालीत महत्त्वाचा सहभाग होता. कचरावेचक कुटुंबातून आलेले मोहन ननावरे हेही सुरुवातीच्या संघटकांपैकी होते. या परिषदेत संघटना स्थापन करण्याचा निर्णय झाला आणि पुढे तिची कामगार संघटना म्हणून नोंदणी करण्यात आली.

स्वयंसेवी संस्थेऐवजी कामगार संघटनेचे रूप स्वीकारणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. संस्थेकडे लाभार्थी असतात, तर संघटनेकडे सभासद असतात. सभासद वर्गणी भरतात, प्रतिनिधी ठरवतात आणि हिशेब विचारतात. मालक नसलेल्या कामगारांची संघटना होऊ शकते, हे हमाल पंचायतीने आधीच दाखवून दिले होते. हमालालाही एक मालक नसतो, तो अनेक व्यापाऱ्यांचा माल वाहतो. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने अशा कामगारांसाठी मंडळे स्थापण्याची तरतूद केली होती. पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेला हा अनुभव शेजारीच उपलब्ध होता.

रचना

संघटनेचे सभासदत्व कचरावेचक आणि फिरते भंगार खरेदीदार यांच्यापुरते मर्यादित आहे. संघटनेने जाहीर केलेली सभासदसंख्या ९ हजारांहून अधिक आहे. सभासद वार्षिक वर्गणी भरतात. निर्णयप्रक्रियेचा पाया वस्ती पातळीवर आहे. वस्त्यांमधील प्रतिनिधींची मंडळी नियमित बैठकांत एकत्र येते आणि मागण्या, आंदोलने व खर्च यांवर चर्चा करते. शिक्षित कार्यकर्ते अर्ज, वाटाघाटी व अभ्यासाच्या कामात साहाय्य करतात.

संघटनेने बालमजुरीविरोधी भूमिका सुरुवातीपासून घेतली. आईबरोबर मुलांनी कुंडीवर जाण्याऐवजी शाळेत जावे, यासाठी वस्त्यांमध्ये पटनोंदणीच्या मोहिमा झाल्या. अस्वच्छ व्यवसायातील पालकांच्या मुलांसाठी असलेली केंद्र शासनाची शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी, ही मागणी संघटनेने लावून धरली. पुढे या योजनेच्या कक्षेत कचरावेचकांचा समावेश झाला. बालविवाह आणि हुंडा यांविरुद्धही संघटनेने सभासदांत काम केले.

काम म्हणून मान्यता

ओळखपत्रे

संघटनेची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती, ओळखीची होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास पुणे व पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांनी संघटनेने दिलेल्या छायाचित्रयुक्त ओळखपत्रांवर आपली मान्यता नोंदवली. कचरावेचकांना अशी अधिकृत मान्यता देणारी पुणे ही देशातील पहिली महानगरपालिका मानली जाते.

ओळखपत्राचे परिणाम अनेक पातळ्यांवर दिसले. पोलिसांनी हटकल्यास दाखवता येईल असा कागद हाती आला. सोसायट्यांच्या आवारात प्रवेश मिळू लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही माणसे शहराच्या स्वच्छतेत भाग घेतात हे महानगरपालिकेने लेखी मान्य केले. पुढील प्रत्येक मागणीचा आधार हीच मान्यता ठरली.

श्रमाचे मोजमाप

दुसरा टप्पा या श्रमाचे मूल्य आकड्यांत मांडण्याचा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ मध्ये पुण्यातील कचरावेचक, भंगार व्यापारी आणि पुनर्चक्रण उद्योग यांचा अभ्यास करण्यात आला. पौर्णिमा चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण हे त्याचे लेखक होते. या अभ्यासानुसार कचरावेचक दररोज सुमारे १४४ टन पुनर्चक्रणयोग्य माल कचऱ्याच्या वाहतुकीपूर्वीच बाजूला काढत होते. तेवढा कचरा उचलण्याचा, वाहण्याचा आणि डेपोत टाकण्याचा महानगरपालिकेचा खर्च त्यामुळे वाचत होता. प्रत्येक कचरावेचक महिन्याला सुमारे २४६ रुपये किमतीचे श्रम शहराला विनामोबदला देत असल्याचेही त्यात मांडले होते.

या मांडणीने चर्चेची दिशा बदलली. तोपर्यंत कचरावेचकांसाठी काही करणे म्हणजे गरिबांना मदत करणे, असे समजले जाई. अभ्यासानंतर संघटनेने उलटा प्रश्न विचारला. महानगरपालिकेचा खर्च वाचवणारे लोक कोण, आणि त्या बचतीतील त्यांचा वाटा कोणता? त्यामुळे विमा व इतर सुविधांची मागणी अनुदान म्हणून न मांडता केलेल्या कामाचा अंशतः मोबदला म्हणून मांडता आली.

सामाजिक सुरक्षा आणि सहकार

वैद्यकीय विमा

पुणे महानगरपालिकेने २००२-०३ च्या सुमारास नोंदणीकृत कचरावेचकांसाठी वैद्यकीय विमा योजना सुरू केली व तिचा हप्ता भरण्याची जबाबदारी घेतली. महानगरपालिकेच्या स्वतःच्या कर्मचारी नसलेल्या कचरावेचकांसाठी असा खर्च अंदाजपत्रकातून करण्याचे हे देशातील सुरुवातीचे उदाहरण होते. रुग्णालयात दाखल झाल्यावर होणारा खर्च हे या कुटुंबांच्या कर्जबाजारीपणाचे एक प्रमुख कारण होते, म्हणून या योजनेला विशेष महत्त्व होते. कागदपत्रे सादर करण्यासाठी संघटनेचे कार्यकर्ते सभासदांना मदत करीत.

पतसंस्था

सभासदांसाठी संघटनेने पतसंस्था उभारली. सावकाराकडून आणि भंगार दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या कर्जाला पर्याय देणे हा तिचा हेतू होता. बँकेत खाते उघडण्यासाठी लागणारी कागदपत्रे नसलेल्या, निरक्षर स्त्रियांना छोट्या रकमांची बचत करता येऊ लागली. त्या बचतीच्या आधारे मिळणारे कर्ज आजारपण, मुलांचे शिक्षण, घरदुरुस्ती आणि जुनी देणी फेडणे यांसाठी वापरले जाते. दुकानदाराची उचल फिटली की माल कोठे विकायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळते. पतपुरवठ्याचा संबंध अशा रीतीने मालाच्या भावाशी पोहोचतो.

भंगार दुकाने

संघटनेने स्वतःची भंगार दुकानेही चालवली. या दुकानांत वजन अचूक केले जाते, दर जाहीर असतात आणि होणाऱ्या नफ्यातील वाटा माल आणणाऱ्या सभासदांना मिळतो. शहरातील सर्व भंगार खरेदी आपल्या हाती घेण्याइतकी ही दुकाने मोठी नव्हती. परंतु त्यांमुळे व्यापाराचे खरे दर व नफ्याचे प्रमाण सभासदांना कळू लागले आणि इतर दुकानदारांशी घासाघीस करताना त्याचा उपयोग झाला.

घरोघर संकलन आणि 'स्वच्छ'

कायद्यातील बदल

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर शहरी कचऱ्याच्या व्यवस्थापनाकडे देशभर लक्ष वेधले गेले. त्यातून केंद्र शासनाने २००० मध्ये नागरी घनकचऱ्यासंबंधीचे नियम लागू केले. उघड्यावरील कचरा कमी करणे, वर्गीकरणाला उत्तेजन देणे आणि घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे ही कामे नगरपालिकांवर सोपवण्यात आली.

कचरावेचकांसाठी हा बदल संधीचा होता आणि धोक्याचाही होता. रस्त्यावरील कुंड्या हटल्या आणि कचरा घरातूनच ठेकेदाराच्या गाडीत गेला, तर वेचण्यासाठी काहीच उरणार नव्हते. दुसऱ्या बाजूला, घरोघरी जाण्याचे काम कोणाला तरी द्यावेच लागणार होते, आणि त्याचा अनुभव पुण्यातील काही कचरावेचक स्त्रियांकडे आधीपासून होता. हे काम कचरावेचकांनाच मिळावे, अशी मागणी संघटनेने केली. २००५-०६ मध्ये प्रायोगिक प्रकल्प राबवण्यात आला. त्यानंतर 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सेवा सहकारी संस्था नोंदवली गेली आणि २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला.

कार्यपद्धती

'स्वच्छ'चे सभासद सामान्यतः जोडीने काम करतात. प्रत्येक जोडीकडे ठरावीक घरे असतात. सकाळी ओला व सुका कचरा वेगळा घेऊन तो ढकलगाडीने महानगरपालिकेच्या संकलन केंद्रापर्यंत किंवा वाहनापर्यंत पोहोचवला जातो. सुक्या कचऱ्याची पुन्हा वर्गवारी करून विकण्याजोगा माल वेगळा काढला जातो. काही सोसायट्यांत ओल्या कचऱ्याचे आवारातच खत करण्याचे कामही सभासद करतात.

त्यांच्या उत्पन्नाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग प्रत्येक घराने द्यावयाच्या मासिक सेवाशुल्काचा आणि दुसरा भाग माल विकून मिळणाऱ्या पैशाचा. महानगरपालिका ढकलगाड्या, हातमोजे, गणवेश यांसारखी साधने आणि संस्थेच्या व्यवस्थापनासाठी निधी देते, मात्र सभासदांना वेतन देत नाही. झोपडपट्ट्यांत शुल्क कमी असल्याने तेथील सेवेसाठी महानगरपालिकेकडून पूरक रक्कम देण्याची पद्धत पडली.

या व्यवस्थेत मालाच्या विक्रीचा हक्क कचरावेचकाकडे राहतो, ही तिची मध्यवर्ती अट आहे. ठेका पद्धतीत कचऱ्यावरील हक्क ठेकेदाराकडे जातो आणि कचरावेचक फार तर त्याचा मजूर होतो. 'स्वच्छ'च्या पद्धतीत वर्गवारी जितकी चांगली तितके उत्पन्न अधिक, त्यामुळे पुनर्चक्रणाची प्रेरणा प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीकडे असते. शहराच्या दृष्टीने, डेपोकडे जाणारा कचरा कमी होतो. पुण्याचा कचरा दीर्घकाळ उरुळी देवाची व फुरसुंगी येथील डेपोत टाकला जात होता. तेथील ग्रामस्थांनी दुर्गंधी आणि दूषित पाण्याविरुद्ध वेळोवेळी आंदोलने केली. या पार्श्वभूमीवर डेपोत जाणारा कचरा कमी करणाऱ्या व्यवस्थेचे महत्त्व वाढले.

करारविषयक अनिश्चितता

पहिल्या कराराची मुदत संपल्यानंतर नवा करार लगेच झाला नाही. तो २०१६ मध्ये झाला आणि त्याची मुदत २०२० च्या अखेरीस संपल्यावर पुन्हा तात्पुरत्या मुदतवाढींचा काळ आला. घरोघर संकलनाचे काम वाहनधारी खासगी ठेकेदारांना द्यावे, असे प्रस्ताव या काळात पुढे आले आणि कचरावेचकांनी मोर्चे व नागरिकांच्या पाठिंब्याच्या मोहिमा काढल्या. करार ही दर काही वर्षांनी नव्याने सिद्ध करावी लागणारी गोष्ट राहिल्यामुळे, ओळखपत्राने मिळालेली मान्यता आणि रोजगाराची शाश्वती यांतील अंतर कायम राहिले.

उत्पादकांची जबाबदारी

वर्गवारीचे काम करणाऱ्यांना कोणती वस्तू विकली जाते आणि कोणती नाही, याचा सर्वांत थेट अनुभव असतो. बहुस्तरीय वेष्टने, गुटखा व वेफर्सची पाकिटे यांना भंगार बाजारात सहसा भाव मिळत नाही. ती हाताळण्याचे श्रम मात्र द्यावेच लागतात. अशा वस्तूंचा भार कचरावेचकांवर व नगरपालिकांवर न टाकता त्या तयार करणाऱ्या कंपन्यांनी उचलावा, ही मागणी संघटनेने मांडली.

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर हा या मागणीचा सर्वांत ठळक विषय ठरला. इतर कचऱ्यात मिसळून येणारे पॅड हाताने वेगळे करावे लागत. 'स्वच्छ'ने जुन्या वर्तमानपत्रांपासून कागदी पिशव्या तयार करून त्या घरोघरी विकण्यास सुरुवात केली, आणि त्यातून काही सभासदांना पूरक उत्पन्नही मिळाले. २०१३ मध्ये वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम झाली. पुढे कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचा प्रघात पुण्यात रुजवण्याचा प्रयत्न करण्यात आला, जेणेकरून उघडून पाहण्याची वेळ येऊ नये. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये सॅनिटरी पॅडच्या उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी वेष्टन पुरवावे, अशी तरतूद आली.

कचरा जाळून ऊर्जा निर्माण करणाऱ्या प्रकल्पांनाही कचरावेचकांच्या संघटनांचा विरोध राहिला आहे. कागद आणि प्लास्टिक हे जळण्यास सर्वांत योग्य पदार्थ असल्यामुळे असे प्रकल्प नेमका तोच माल मागतात ज्यावर कचरावेचकांचे उत्पन्न उभे आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळी

भारतातील वेगवेगळ्या शहरांतील कचरावेचकांच्या संघटनांनी २००० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय आघाडी स्थापन केली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत तिच्या प्रमुख घटकांपैकी आहे. २००८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद झाली. त्यातून लॅटिन अमेरिका, आफ्रिका व आशियातील संघटनांचे परस्परसंबंध वाढले आणि कचरावेचकांचे जागतिक जाळे उभे राहिले. ब्राझील व कोलंबियातील सहकारी संस्थांच्या शेजारी पुण्याच्या अनुभवाची चर्चा होऊ लागली.

देशांतर्गत कायद्यातील महत्त्वाचा बदल २०१६ मध्ये झाला. त्या वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 'कचरावेचक' या संज्ञेची व्याख्या दिली. त्यांच्या संघटनांना ओळख देण्याची आणि घरोघर संकलनासह कचरा व्यवस्थापनात त्यांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पुण्यात वीस वर्षांपूर्वी ओळखपत्राच्या रूपाने झालेली गोष्ट यामुळे देशपातळीवरील नियमांत आली. २०२४ मध्ये केंद्र शासनाच्या 'नमस्ते' योजनेची व्याप्ती वाढवून तीत कचरावेचकांचा समावेश करण्यात आला.

मर्यादा आणि चर्चा

संघटनेच्या प्रतिमानाबद्दल काही प्रश्न सातत्याने चर्चिले गेले आहेत.

पहिला प्रश्न वेतनाचा आहे. स्वच्छता ही नगरपालिकेची वैधानिक जबाबदारी असताना ती पार पाडणाऱ्यांना वेतन, भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन का नाही, असा आक्षेप घेतला जातो. सेवाशुल्क न भरणाऱ्या घरांचा तोटा थेट कचरावेचकाला सोसावा लागतो. या पद्धतीच्या समर्थकांच्या मते, ठेक्यावरील मजुरीत वेतन कागदावर अधिक दिसले तरी मालावरील हक्क, कामाच्या वेळेवरील नियंत्रण आणि संस्थेतील मालकी या गोष्टी जातात.

दुसरा प्रश्न जातीशी निगडित आहे. जातीमुळे वाट्याला आलेल्या कामातच सुधारणा करत राहिल्याने तीच विभागणी टिकून राहते, अशी टीका होते. पुढच्या पिढीने हे काम करू नये, हे अनेक सभासदांचे स्वतःचेही मत आहे, आणि संघटनेचा मुलांच्या शिक्षणावरील भर त्याच्याशी जुळतो. मात्र आज हे काम करणाऱ्या मध्यमवयीन, निरक्षर स्त्रियांपुढे दुसरा रोजगार नसताना ते काढून घेतल्यास मुक्ती न मिळता बेकारी वाट्याला येईल, असे संघटनेचे म्हणणे आहे.

तिसरा प्रश्न व्याप्तीचा आहे. शहरात नव्याने येणारे, भाषिक किंवा कागदोपत्री अडचणींमुळे संघटनेपर्यंत न पोहोचलेले कचरावेचक या व्यवस्थेबाहेर राहतात. फिरत्या भंगार खरेदीदारांना घरोघर संकलनाच्या कामाचा तुलनेने कमी लाभ झाला. शहराचा विस्तार, मोठी गृहसंकुले आणि यांत्रिक वाहतूक यांमुळे ढकलगाडीवर आधारलेल्या पद्धतीवरही ताण पडतो.

कोरोना साथीच्या काळात या मर्यादा एकाच वेळी उघड झाल्या. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर संकलन अत्यावश्यक सेवा म्हणून सुरू राहिले, परंतु भंगार दुकाने बंद झाल्याने माल विकण्यातून मिळणारे उत्पन्न थांबले. कामाची गरज मान्य होती, उत्पन्नाची हमी मात्र कोणाकडेही नव्हती.

महत्त्व

कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचे कार्य तीन कारणांनी अभ्यासले जाते. मालक नसलेल्या, विखुरलेल्या आणि बहुसंख्येने निरक्षर अशा स्त्री कामगारांची टिकाऊ संघटना उभी राहू शकते, हे तिने दाखवले. पर्यावरणाचा प्रश्न आणि उपजीविकेचा प्रश्न एकाच मागणीत बांधता येतात, हेही तिच्या अनुभवातून पुढे आले, कारण वर्गीकरण केलेला कचरा शहराला स्वस्त पडतो व कचरावेचकाला अधिक उत्पन्न देतो. तिसरे कारण तिच्या क्रमात आहे. प्रथम ओळख, मग श्रमाचे मोजमाप, त्यानंतर सामाजिक सुरक्षा आणि अखेरीस सेवेच्या करारातील भागीदारी, अशा पायऱ्यांनी संघटनेने मागण्या वाढवत नेल्या. यांतील शेवटची पायरी अद्याप पूर्ण स्थिर झालेली नाही. शहरातील कचऱ्यावर पहिला हक्क कोणाचा, या १९९० च्या दशकात एका वस्तीत उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक नव्या कराराच्या वेळी पुन्हा द्यावे लागते.

हेही पहा

हमाल पंचायत
बाबा आढाव
माथाडी कामगार
असंघटित कामगार
घनकचरा व्यवस्थापन
सहकारी संस्था
पुणे महानगरपालिका